खंडेनवमीचे छर्रे

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे कॉलेजात नेमकं काय काय असतं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. एका संध्याकाळी मी घरी सांगितलं की मी नेमबाजीत नाव दिलंय. आई भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं,

"ते परीक्षेत येतं का?"

"नाही येत."

"मग कशात येतं?"

 नोटिसीवर 'अनुभवाची गरज नाही' असं लिहिलं होतं, आणि अनुभव लागत नाही असं कॉलेजात मला दुसरं काही सापडलं नव्हतं, म्हणून मी गेले. एवढंच.

उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात सगळ्यात वरच्या मजल्यावर एक लांबट हॉल आहे. तिथे दहा मीटरवर लाकडी खोकी लावलेली, प्रत्येक खोक्यात एक दिवा आणि एक कागदी कार्ड. आमचं पिस्तूल हवेवर चालायचं. वरचा दांडा उघडून दाबला की आत हवा भरते आणि ती हवा शिशाचा एक छर्रा पुढे ढकलते. छर्रा मुगाच्या दाण्याहून थोडा मोठा असतो. तोंडाला सपाट, कमरेत बारीक, मागून पोकळ. बाहुलीला परकर घातल्यासारखा. तोंड सपाट असल्यामुळे कागदात फाटकंतुटकं नाही, स्वच्छ गोल भोक पडतं.

पप्पा अंबरनाथच्या इस्टेटमध्ये टर्नर आहेत. पंपाचे भाग बनवणारं छोटं वर्कशॉप आहे, तिथे लेथवर. 'पिस्तूल' ऐकून त्यांनी पहिल्यांदा टीव्हीचा आवाज कमी केला.

"लायसन लागेल की."

"नाही लागत पप्पा, हवेचं आहे. जत्रेत फुगे फोडतात ना, तसंच. फक्त चांगलं."

"मग फुगे फोडायला कॉलेज कशाला? जत्रेतच गेली असतीस," असं म्हणून त्यांनी आवाज परत वाढवला. पण जेवताना त्यांनी विचारलंच, "छर्रा केवढा असतो? आण एक."

तो एक छर्रा मी आणला आणि तिथून सगळं सुरू झालं.

आधी माझी अडचण सांगते. मी टी.वाय.ला होते, म्हणजे शेवटचं वर्ष. कॉलेजच्या संघात तीन जण घ्यायचे होते. दोन जागा ठरल्यासारख्याच होत्या. तिसरी जागा माझी किंवा एस.वाय.च्या एका मुलीची. ती उल्हासनगरचीच, हसरी, आणि तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर. तिला पुढचं वर्ष होतं, मला नव्हतं. मला ती जागा हवी होती. असं मोठ्याने म्हणायला मला लाज वाटायची, कारण आमच्याकडे काही हवं असलं तरी आधी दोनदा 'नको' म्हणायची पद्धत आहे.

आमचे सर सिंधी. साठीच्या पुढचे, तरुणपणी स्वतः खेळलेले. मराठी बोलायला सुरुवात करायचे आणि वाक्य हिंदीत संपवायचे. माझी भोकं कार्डावर विखुरलेली पाहून त्यांनी एकदा माझ्या हातातलं पिस्तूल घेतलं, वाळूच्या पिशवीवर टेकवलं आणि स्वतः पाच छर्रे सोडले. तेही विखुरले.

"देख बेटा. हात तुझा ठीक आहे. दाणा ठीक नही है."

सरावाचे छर्रे स्वस्तातले होते. एक जड, एक हलका, एखाद्याचा परकर चेपलेला. चांगले परदेशी डबे फक्त संघासाठी, आणि संघ निवड झाल्यावर ठरणार. म्हणजे चांगला छर्रा मिळायला संघात जायला हवं, आणि संघात जायला चांगला छर्रा हवा. मी हे घरी सांगितलं तेव्हा पप्पांनी तो आणलेला छर्रा वाटीतून उचलला, जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, मग चष्मा बदलून परत लावला.

"हे तर ओतता येईल," ते म्हणाले.

पुढचे काही दिवस ते कामावरून उशिरा यायचे. सुट्टीनंतर मालकाला सांगून लेथवर साचा करत होते. दोन पट्ट्या, मध्ये छर्र्याचा आकार अर्धा अर्धा कोरलेला, आणि मागची पोकळी राहावी म्हणून खालून आत जाणारी एक बारीक पिन. दोन पट्ट्या मिटल्या की वरच्या भोकातून शिसं ओतायचं.

शिसं काकांनी दिलं. त्यांचा जुना पाग माळ्यावर पडून होता. पाग म्हणजे नदीत फेकायचं गोल जाळं, त्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या लावलेल्या असतात. मांजर्लीकडे उल्हास नदीला पूर्वी ते जायचे, आता गुडघे जाऊ देत नाहीत. "ने," म्हणाले, "पण परत पाहिजे झालं तर परत द्यायचं हां. मी अजून मेलो नाय."

पाऊस उघडल्यावरच्या एका रविवारी आम्ही मागच्या पडवीत बसलो. कोरडा दिवसच हवा होता, कारण वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी ते अंगावर उडतं. आईने अटी घातल्या. तिची पळी मिळणार नाही. तिचा गॅस मिळणार नाही. नाकाला फडकं, हातात मोजे, आणि नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. ती उंबरठ्यावर उभी राहून पहारा देत होती.

पहिले छर्रे सुरकुतलेले आले, पाण्यात फार वेळ भिजलेल्या बोटांसारखे.

"साचा थंड आहे," पप्पा म्हणाले. त्यांनी साचा विस्तवाजवळ धरून तापवला, आतून मेणबत्तीची काजळी दिली. शिशात मेणाचा एक तुकडा टाकून ढवळलं तेव्हा सगळा मळ वर आला आणि खाली आरशासारखं चकचकीत शिसं दिसलं. पुढचे छर्रे गुळगुळीत निघाले. मग साचा जास्त तापला आणि छर्रे पिठात घोळल्यासारखे पांढुरके यायला लागले. पप्पा थांबले, फुंकर घातली, परत सुरू केलं. शिसं, साचा आणि हात यांची एक लय लागावी लागते असं मला वाटलं. ती लागली की एकासारखा एक पडत जातो.

शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "काय करताय ओ?"

"गोळ्या ओततोय," पप्पा म्हणाले. सरळ मनाने.

काकूंचं डोकं खाली गेलं. थोड्या वेळाने त्यांचा मुलगा आमच्या पडवीत काहीतरी मागायच्या निमित्ताने आला, सगळं बघून गेला आणि काय मागायला आला होता तेच विसरून गेला.

वजन करायला आम्ही उल्हासनगरला एका सोनाराकडे गेलो. पप्पांनी लेथवर त्याच्या भट्टीचं काहीतरी करून दिलं होतं पूर्वी, तेवढी ओळख. त्याने डबी उघडून पाहिली आणि पप्पांकडे दयेने पाहिलं.

"साईं, ये चांदी तुमको किसने बेची?"

"चांदी नाही, शिसं आहे. तोलायचंय."

"शिसं? माझ्या काट्यावर?" तो हसायला लागला. पण गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्याने काटा पुढे सरकवला. मी एकेक छर्रा चिमट्याने ठेवत होते. जड, हलका, सारखा. सारखे तेवढे आईच्या जुन्या बर्फाच्या ट्रेमध्ये, बाकीचे परत वितळवायला. थोड्या वेळाने सोनारच सांगायला लागला, "ये वाला निकालो, ये मोटा है." जाताना म्हणाला, "मुलगी सोन्यासारखं तोलते. दुकानात पाठवा."

पण हे छर्रे सरांना पटले नाहीत. तेही न तपासता नाही. त्यांनी पिशवीवर पिस्तूल टेकवून पाच सोडले. विखुरले नव्हते तेवढे, पण सगळे खाली पडले होते, आणि तरीही एकमेकांपासून लांबच.

"भारी है," सर म्हणाले. "तुझ्या पप्पांनी जास्त माल घातला."

ते खरं होतं. मी घरी सांगितलं तेव्हा पप्पा जरा अवघडले. "मला वाटलं, जड असेल तर जोरात लागेल."

"सर म्हणाले, ह्या पिस्तुलात तेवढा जोर नाहीच. आणि कागदाला भोक पाडायला जोर कशाला? सर म्हणाले, जोरात नको, सारखं हवं."

पप्पा हे वाक्य दोन दिवस घरात म्हणत होते. भाजीत मीठ जास्त पडलं तर, "जोरात नको, सारखं हवं." आई वैतागली. पण त्यांनी पिन बदलली. नवी पिन जास्त लांब, म्हणजे मागची पोकळी खोल आणि छर्रा हलका. शिवाय वेगळ्या एका पट्टीला नेमक्या मापाचं भोक पाडलं, आणि प्रत्येक छर्रा त्या भोकातून अलगद ढकलायचा म्हणजे जाडीही सारखी. परत रविवार, परत पडवी, परत सोनार.

ह्या वेळी सरांनी पाच सोडले तेव्हा कार्डावर भोकं पाच दिसत नव्हती. एकमेकांत शिरून एकच वेडंवाकडं भोक झालं होतं. सरांनी कार्ड उजेडासमोर धरलं, मग खिशात घातलं आणि चहाला गेले. आल्यावर म्हणाले, "निवडीला हेच वापर. आपल्या आपल्यात निवड आहे, मला चालतं. लेकिन अब बहाना नही. आता चुकलं तर हात चुकला."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण रात्री उठून मी ट्रेमधले छर्रे परत मोजले, कारण खरंच आता बहाणा उरला नव्हता.

निवड दसऱ्यानंतर होती. निवडक छर्रे बर्फाच्या ट्रेमध्ये कपाटावर ठेवले होते, वर रुमाल.

खंडेनवमीच्या सकाळी आईने मला झेंडूची फुलं आणायला पाठवलं. आमच्याकडे ह्या दिवशी हत्यारांची पूजा असते. कारखान्यात मशीनची, घरात घरातल्या हत्यारांची. पूर्वी आमच्याकडे कोयता, विळा, नांगराचा फाळ पूजायचे. आता पाटावर पप्पांचा व्हर्नियर, मायक्रोमीटर, नट आवळायचे पाने, आईची शिलाई मशीनची कात्री असं असतं. आणि एकदा पूजा झाली की ती हत्यारं दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायची नाहीत. त्यांना एक दिवस सुट्टी. हा नियम आमच्याकडे कुणी कधी मोडल्याचं मला आठवत नाही.

बाजारात गर्दी होती. विसरलेला एक हार आणायला मी परत गेले तेव्हा फोनवर सरांचा मेसेज आला. हॉल उद्यापासून सुट्टीत बंद, पुढे दुसऱ्या कार्यक्रमाला दिलाय, म्हणून निवड आज दुपारी तीनला.

मी पळत घरी आले. उदबत्तीचा वास गल्लीतच आला.

पाटावर व्हर्नियर होता. मायक्रोमीटर होता. साचा होता, त्याला फूल वाहिलेलं. आणि मध्यभागी माझा बर्फाचा ट्रे. पप्पांनी प्रेमाने ठेवला होता, आईने प्रेमाने पूजला होता. नुसतं बोट टेकवलं असतं तर एक वेळ ठीक, पण आईने विचार केला की इतके सारे आहेत, एकालाही राहिल्यासारखं वाटायला नको. तिने हळद आणि कुंकू पाण्यात कालवून सगळ्यांवर शिंपडलं होतं. वर अक्षता.

"आई," मी म्हटलं, "निवड आज आहे."

 पप्पा पांढऱ्या सदऱ्यात, कपाळाला टिळा, हातात घंटा. ती त्यांनी आवाज न करता खाली ठेवली.

"दसऱ्यानंतर म्हणाली होतीस ना?"

"आत्ता कळवलं सरांनी."

"मग त्यांच्याकडचे छर्रे असतील."

"ते वाकडेतिकडे जातात पप्पा. म्हणून तर हे केले."

आई पाटासमोर हात जोडून उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे मी म्हणायला गेले, "जाऊ दे, नको," आणि ते तोंडातून बाहेरच पडेना. मग मीच म्हणाले, "मला ती जागा पाहिजे, आई. परत वर्ष नाहीये मला."

माझ्या तोंडून 'पाहिजे' ऐकून आईने वळून पाहिलं.

"अहो," ती पप्पांना म्हणाली, "तुमच्याकडे नवमीला अर्जंट काम आलं तर काय करता? ग्राहकाला सांगता मशीन झोपलंय म्हणून?"

पप्पांनी कान खाजवला. "मालक नमस्कार करतो, माफी मागतो, आणि तेवढा एक जॉब काढून परत हार घालतो."

"मग घाला की नमस्कार. बघता काय?"

आम्ही तिघांनी पाटाला वाकून नमस्कार केला. आई पुटपुटली, "अर्जंट आहे, समजून घे." आणि तिनेच ट्रे उचलून माझ्या हातात दिला. "काम झालं की परत आणून ठेवायचं. उरतील तेवढे."

पप्पा सदरा न बदलताच स्कूटरवर बसले. मी मागे, दोन्ही हातांनी ट्रे छातीशी धरून. काटई रस्त्याच्या खड्ड्यांवर ते इतके जपून चालवत होते की मागून रिक्षावाले शिव्या देऊन जात होते. उल्हासनगरला एका मेडिकलपाशी थांबून त्यांनी कानात घालायच्या कापसाच्या काड्यांचं पाकीट घेतलं.

हॉलबाहेरच्या जिन्यावर बसून आम्ही एकेक छर्रा साफ करायला लागलो. वरचं कुंकू लगेच निघायचं, पण मागच्या पोकळीत ते वाळून बसलं होतं. पप्पा कॉलेजात पहिल्यांदा आले होते. प्रवेशाच्या वेळीही ते फाटकाबाहेर थांबले होते. आज ते जिन्याच्या मधोमध बसले होते, चष्मा नाकावर, आणि येणारी-जाणारी मुलं त्यांच्या टिळ्याकडे बघत वळसा घालून जात होती. त्यांना त्याचं भान नव्हतं.

ती एस.वाय.ची मुलगी आली. "काय करताय काका?"

"पूजा झाली चुकून," पप्पा म्हणाले.

ती माझ्या शेजारी बसली, पर्समधून भुवयांचा बारीक ब्रश काढला आणि दिला. "काडीपेक्षा हे आत जाईल. परत नको देऊस हां, असला लाल."

मग सर आले. त्यांनी ट्रे पाहिला, पप्पांना पाहिलं, पायरीवर सांडलेल्या अक्षता पाहिल्या.

"साचेवाले आपण?"

पप्पा उठून उभे राहिले. "हो साहेब. जरा गडबड झाली."

सर हसले नाहीत, पण त्यांची मिशी हलली. "बैठो, बैठो. पहिले ती मारेल. तुम्ही करा साफ."

ती आधी खेळली. छान खेळली. मी आतून आवाज ऐकत होते, टक्, टक्, आणि ब्रश फिरवत होते. माझी वेळ आली तेव्हा सगळे छर्रे पूर्ण साफ झाले नव्हते. काहींच्या आत लाली राहिली होती. मी सरांना म्हटलं, "सर, ह्यांचं वजन आता सारखं नसणार. आत कुंकू आहे."

"कुंकू का वजन करने सोनार के पास जाऊं क्या मैं? मार."

मी उभी राहिले. पहिला छर्रा सोडला आणि दुर्बिणीतून पाहिलं. भोकाच्या कडेला बारीकशी गुलाबी किनार होती. मला हसू आलं. हसू आलं की श्वास खाली जातो हे मला तेव्हा कळलं. मग मी छर्र्यांचा विचार केला नाही. साच्याच्या वेळची ती लय आठवत राहिले. ओत, थांब, उघड. भर, थांब, सोड. एक शॉट फार खाली गेला. त्याचा दोष मी कुंकवाला देऊ शकले असते, पण माझं मनगट पडलं होतं, ते मला सुटतानाच कळलं. त्यानंतरचे चांगले गेले.

पप्पा दारात उभे होते. आत या म्हटलं तरी आले नाहीत. चप्पल काढून उभे होते.

सरांनी कार्डं गोळा केली, भिंग लावून एकेक भोक पाहिलं. एका कार्डावर थांबून म्हणाले, "ये क्या है, खून?" मग बेरीज केली, परत केली. माझ्याकडे न बघता त्या मुलीला म्हणाले, "बेटा, तू पुढच्या साली."

ती माझ्याकडे वळली आणि तिने माझ्या दंडाला चिमटा काढला. जोरात काढला. "मी पण पूजा करणार पुढच्या वर्षी," ती म्हणाली. फरक थोडासाच होता. सरांनी मला नंतर संघाचा परदेशी डबा दिला, स्पर्धेसाठी. पप्पांनी तो उघडून एक छर्रा उजेडात फिरवला आणि मान डोलावली. "साचा चांगला आहे त्यांचा," म्हणाले.  पण जाताना सरांनी त्यांच्याकडून आमचा एक छर्रा मागून घेतला, तेव्हा ते जिना उतरताना दोन पायऱ्या चुकले.

घरी आई दारातच होती. तिने आधी विचारलं, "किती उरले?" मग निकाल विचारला.

उरलेले छर्रे परत पाटावर गेले. अर्जंट काम संपलं होतं. शेजारी मी माझं शेवटचं कार्ड ठेवलं, सरांनी दिलेलं. सगळी भोकं मध्याभोवती चिकटून, पण अगदी मधला ठिपका कोरा. आईने कार्ड निरखून पाहिलं, बोट कुंकवात बुडवलं आणि बरोब्बर त्या ठिपक्यावर टेकवलं.

"आई, तिथे नेमका एकही लागला नव्हता."

"म्हणूनच लावलं," ती म्हणाली, आणि हात पुसून आत भाकरीकडे गेली.